पहिल्या तीन दिवसांचा पगार

कोविडच्या साथीत भरपगारी रजेवरून जे वाद झाले, त्यांतले बरेचसे तीन दिवसांभोवती फिरत होते. आजारपणाचे पहिले तीन दिवस बिनपगारी, पैसे चौथ्या दिवसापासून, हा नियम अनेक देशांत इतका मुरला होता की तो आला कुठून, हे सहसा कुणी विचारत नव्हतं.

बिस्मार्कच्या जर्मनीने १८८३ मध्ये आजारविम्याचा कायदा केला. आजारी कामगाराला निम्मी मजुरी, तीही जास्तीत जास्त १३ आठवडे. पहिले तीन दिवस मात्र वगळून. वर्गणीतला दोन तृतीयांश वाटा कामगाराचाच होता, तरी संशयही त्याच्यावरच. दोन दिवसांच्या सर्दीपडशासाठी कुणी खाडा करू नये, एवढाच त्यामागचा हिशेब. ब्रिटनच्या १९११ च्या कायद्यानेही चौथ्या दिवसापासूनच भत्ता दिला. १९५२ च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १०२ क्रमांकाच्या करारात तर हे तीन दिवस वगळण्याची मुभाच लिहून ठेवली आहे.

हा नियम मोडायला साथ नव्हे, संप लागला. जर्मनीत कचेरीतल्या नोकरदाराला आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मिळे, कारखान्यातल्या कामगाराला नाही. ऑक्टोबर १९५६ मध्ये श्लेस्विग-होल्स्टाइनमधल्या धातुकामगारांनी याच भेदावर काम बंद केलं आणि १६ आठवडे ते हटले नाहीत. १९५७ च्या कायद्याने तीनाचे दोन दिवस केले, १९६१ मध्ये एक उरला आणि १९७० पासून पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार सुरू झाला.

आजारी नसलेल्या, पण विलगीकरणात अडकवलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न वेगळा. तो धडधाकट असतो, त्यामुळे आजारपणाच्या रजेत बसत नाही. लोकांच्या भल्यासाठी ज्याला घरी बसवलं त्याची बुडालेली कमाई सरकारने भरावी, हे तत्त्व जर्मनीच्या आजच्या संसर्गसंरक्षण कायद्यात आहे. २०२० मध्ये अनेक देशांना ते घाईघाईत नव्याने शोधावं लागलं.

आणि याच साथीत त्या तीन दिवसांचं बिंग फुटलं. कोविडमध्ये माणूस सर्वाधिक संसर्ग पसरवतो तो लक्षणं दिसण्याच्या आगेमागे, म्हणजे नेमका बिनपगारी दिवसांत. ब्रिटनमधला आकडाच पाहा. एप्रिल २०२० पासून तिथला वैधानिक आजारभत्ता आठवड्याला ९५.८५ पौंड होता. सोमवार ते शुक्रवार काम करणारा माणूस पाचही दिवस आजारी पडला, तर जुन्या नियमाने हातात येणार दोनच दिवसांचे ३८.३४ पौंड. असा माणूस घसा खवखवला तर काय करेल? दुखणं अंगावर काढेल आणि कामावर जाईल. म्हणून ब्रिटनने कोविडपुरती तीन दिवसांची अट काढली. स्वीडननेही पहिल्या दिवसाची कपात थांबवली.

अमेरिकेत तर केंद्रीय पातळीवर भरपगारी आजाररजेचा सर्वसाधारण कायदाच नव्हता. मार्च २०२०च्या कायद्याने दोन आठवड्यांची रजा दिली, दिवसाला कमाल ५११ डॉलर. मात्र ५०० किंवा त्याहून जास्त नोकर असलेल्या खासगी कंपन्या त्यातून सुटल्या आणि आरोग्यसेवकांना वगळण्याची मोकळीकही मालकांना मिळाली. ज्यांना लागण होण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, त्यांचीच रजा ऐच्छिक! वर्ष संपताच ही सक्तीही संपली.

साथीत जोखीम पत्करून कामावर येणाऱ्यांना मिळालेल्या बोनसची कहाणी त्या मानाने छोटी. जोखमीच्या कामाचा जादा मोबदला पगारात मिसळला की नंतर काढता येत नाही, हे मालकांना आणि सरकारांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो बहुधा एकरकमी निघतो. जर्मनीत १,५०० युरोपर्यंतचा कोविड बोनस करमुक्त झाला, स्कॉटलंडने आरोग्य आणि काळजीसेवेतल्या लोकांना ५०० पौंड दिले. अमेरिकेतल्या किराणा दुकानांत तासाला दोन डॉलरची वाढ मिळाली, तीही कित्येक ठिकाणी काही महिन्यांतच काढून घेतली गेली. साथ तेव्हा ऐन भरात होती.

२५ मार्च २०२२ पासून ब्रिटनमध्ये कोविडच्या रुग्णांसाठीही ते तीन दिवस पुन्हा बिनपगारी झाले.