सोमवार, दुपारी एक वाजून पाच मिनिटं: न्यूट्रिनोचं वस्तुमान मोजण्याची पार्श्वभूमी

२३ फेब्रुवारी १९८७, सोमवार. दुपारी साधारण एक वाजून पाच मिनिटांनी सांगली-साताऱ्यातल्या प्रत्येक माणसाच्या अंगातून, दर चौरस सेंटिमीटरला हजार कोटींहून अधिक न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही सहसा न अडणारे अतिसूक्ष्म कण, काही सेकंदांत निघून गेले. तेही खालून. ज्या ताऱ्याच्या स्फोटातून ते निघाले तो त्या वेळी आपल्या क्षितिजाखाली होता, त्यामुळे हे कण जमिनीतून वर आले. कोणाला काही कळलं नाही. एरवीही तो फुटलेला तारा, म्हणजे अतिनवतारा, इथून दिसणं अवघडच होतं. तो ज्या शेजारच्या दीर्घिकेत होता ती, मोठा मॅगेलन मेघ, आपल्याकडे दक्षिण क्षितिजाच्या जेमतेम तीन-चार अंश वर येते. सांगलीत ती धुरकट हवेत विरते आणि सातारा शहरात तर दक्षिणेला अजिंक्यतारा किल्लाच आडवा आहे.

पण त्याच सुमारास जपानमधल्या कामिओका खाणीतल्या पाण्याच्या टाकीत ११, अमेरिकेत एरी सरोवराकाठच्या मिठाच्या खाणीत ८ आणि कॉकेशस पर्वतातल्या बाक्सान प्रयोगशाळेत ५ कण नोंदले गेले. एकूण दोन डझन. एवढ्याशा नोंदींवर पुढे शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. त्यातला एक मोठा प्रश्न न्यूट्रिनोच्या वस्तुमानाचा होता आणि तो बराच जुना होता.

डिसेंबर १९३० मध्ये वोल्फगांग पाउलीने बीटा क्षयात (अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्या क्षयात) हरवणाऱ्या ऊर्जेचा हिशेब जुळवण्यासाठी हा कण नुसता कल्पिला. फर्मीने १९३४ च्या सिद्धांतात वस्तुमान मोजण्याची एक वाटही दाखवली. न्यूट्रिनोला वस्तुमान असेल, तर क्षयातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा आलेख अगदी शेवटच्या टोकाशी किंचित वाकतो. कण प्रत्यक्ष सापडायला मात्र १९५६ उजाडलं. रेन्स आणि कोवान यांनी तो अणुभट्टीशेजारी पकडला. (भारतात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो टिपले. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला मिळते त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मिळायला हवी.)

१९६८ मध्ये सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ झात्सेपिन यांनी दुसरी वाट सुचवली, आणि ती थेट विशिष्ट सापेक्षतेतून येते. वस्तुमान शून्य असेल तर ऊर्जा कितीही असो, कण प्रकाशाच्याच वेगाने जातो. वस्तुमान असेल तर वेग ऊर्जेवर अवलंबून राहतो: जास्त ऊर्जेचा कण प्रकाशवेगाच्या अधिक जवळ, कमी ऊर्जेचा किंचित मागे. एकाच वेळी निघालेले कण वेगवेगळ्या वेळी पोचले, तर त्या फरकावरून वस्तुमान काढता येतं. कणाची वस्तुमान-ऊर्जा भागिले त्याची एकूण ऊर्जा, या गुणोत्तराचा वर्ग करायचा, निम्मा करायचा आणि प्रकाशाला लागणाऱ्या प्रवासकाळाने गुणायचा. आला उशीर. बीएस्सीच्या विद्यार्थ्याला अर्ध्या पानात जमेल असं गणित आहे.

अडचण आकड्यांची. वस्तुमान १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक) आणि ऊर्जा १ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली, तर वेगातला फरक निघतो दहा लाख कोटींत पाच भाग. साताऱ्याहून प्रकाश आणि असा न्यूट्रिनो सरळ रेषेत एकदम सोडले, तर सांगलीला पोचेपर्यंत न्यूट्रिनो केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढाही मागे पडणार नाही. म्हणून अंतर प्रचंड हवं. स्फोट झालेला तारा सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षं दूर होता, आणि तेवढ्या वाटेवर याच कणाला सुमारे अडीच सेकंदांचा उशीर होतो. अडीच सेकंद कुठल्याही घड्याळाला मोजता येतात.

१९८७ मध्ये या मोजणीकडे सगळ्यांचे डोळे लागण्याला कारण होतं. १९७२ मध्ये रामनाथ कौशिक आणि मॅक्लेलंड यांनी विश्वाच्या प्रसरणावरून न्यूट्रिनोच्या वस्तुमानाला वरची मर्यादा घातली होती. पुढे १९८० मध्ये मॉस्कोच्या ल्युबिमोव्ह गटाने ट्रिटियमच्या (किरणोत्सारी जड हायड्रोजनच्या) क्षयावरून ते सुमारे ३० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याचा दावा केला. तो खरा असता, तर विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्याचं कोडं तिथेच सुटलं असतं.

आता कामिओकाच्या नोंदी पाहा. पहिल्या अर्ध्या सेकंदात पाच कण, दोन सेकंदांपर्यंत आणखी तीन, मग सात सेकंद शांतता, आणि ९ ते १२ सेकंदांदरम्यान शेवटचे तीन. हे शेवटचे तीनही पहिल्यापेक्षा कमी ऊर्जेचे! मोह होतोच: जड म्हणून मागे राहिले. पहिला, सुमारे २ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा कण आणि शेवटचा कण एकदमच निघाले असं धरून गणित केलं, तर वस्तुमान २५ च्या आसपास येतं. मॉस्कोच्या आकड्याला जवळजवळ खेटून.

पण त्याच यादीत तिसरा कण सगळ्यांत कमी ऊर्जेचा आहे आणि तो पहिल्यानंतर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यातच पोचला. वस्तुमान खरंच २५ असेल, तर हा कण पहिल्याच्या सुमारे १७ सेकंद आधी ताऱ्यातून निघालेला असायला हवा. ताऱ्याच्या कोसळणाऱ्या गाभ्याकडून अशी अपेक्षा कोणीच करत नाही. उलट, गाभा कोसळून नुकताच जन्मलेला न्यूट्रॉन तारा निवत जातो आणि दहा-बारा सेकंद कमी-कमी ऊर्जेचे न्यूट्रिनो सोडत राहतो, हे सिद्धांताला धरूनच आहे. म्हणजे शेवटच्या तिघांचा उशीर प्रवासातला की निघतानाचाच, हे नोंद पाहून सांगता येत नाही. सापेक्षतेचं गणित चोख आहे. डळमळीत आहे ती ताऱ्याविषयीची गृहीतकं. त्यामुळेच त्याच मोजक्या नोंदींवरून बाकॉल आणि ग्लाशो यांनी ११ ची मर्यादा काढली, इतरांनी १६, २० किंवा त्याहून सैल. एकाच माहितीवरून इतकी वेगवेगळी उत्तरं आली यात नवल वाटू नये. शून्य वस्तुमान मात्र कोणालाच नाकारता आलं नाही आणि मॉस्कोचा दावा मागे पडत गेला.

वस्तुमान आहे हे ठरलं १९९८ मध्ये, तेही कामिओकातच, सुपर-कामिओकांदेच्या नव्या, मोठ्या टाकीत. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात असं दिसलं. इथेही सापेक्षताच मदतीला येते: प्रकाशवेगाने जाणाऱ्या कणासाठी काळ सरकतच नाही, मग बदलायला सवड कुठून मिळणार? पण त्यातून वस्तुमानांच्या वर्गांतला फरक कळतो, प्रत्यक्ष आकडा नाही.

आकड्यासाठी पुन्हा फर्मीचीच वाट धरावी लागली. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या कॅट्रिन प्रयोगाने ट्रिटियमच्या आलेखाचं टोक तपासून २०२५ मध्ये ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची वरची मर्यादा दिली. आता उलटं गणित करू. ३०,००० प्रकाशवर्षांवर, म्हणजे आपल्याच आकाशगंगेत, तारा फुटला, तर १ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या कणाला या मर्यादेनुसार फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाचा उशीर होईल. सुपर-कामिओकांदेत तेव्हा हजारो कण नोंदले जातील, पण तारा ते दहा सेकंद पसरून सोडणार, ही जुनी अडचण तशीच राहते. एकच वेगळी शक्यता आहे: गाभा मध्येच कोसळून कृष्णविवर झालं, तर न्यूट्रिनोंचा झोत एकदम तुटतो. तो तुटण्याचा क्षण सगळ्या कणांना सारखाच असल्याने कमी ऊर्जेच्या कणांचं शेपूट त्यामागे किती लांबतं हे मोजता येईल.