सी व्हिसा आणि डी व्हिसा: कुणाचे दिवस मोजतात आणि कुठले

"शेंगेन मिळाला का गं?"

सेमिस्टरसाठी जर्मनीला निघायच्या आधीच्या महिन्यात हा प्रश्न मला वीसेक जणांनी तरी विचारला असेल. मावशीने, खालच्या मजल्यावरच्या काकांनी, कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी. शेंगेन म्हणजे ज्यांचा फिरायचा व्हिसा एकच असतो त्या युरोपीय देशांचा गट, आणि बोलण्यात तो व्हिसाच. मी सुरुवातीला "हो" म्हणायचे. मग "नाही, म्हणजे तसा नाही" म्हणायला लागले. शेवटी परत "हो"वर आले, कारण खरं उत्तर द्यायला दहा मिनिटं लागतात आणि समोरच्याला फक्त पेढे कधी एवढंच हवं असतं.

आता जर्मनीतल्या आखेनचं सेमिस्टर संपवून परत आलेय आणि जाणाऱ्या मुलामुलींच्या ग्रुपवर तीच गल्लत दर सहा महिन्यांनी नव्याने वाचतेय. डी, म्हणजे लांबच्या मुक्कामाच्या, व्हिसावर पॅरिसला जाता येतं का? शेंगेनवर जाऊन तिथे स्टुडंट करून घेता येतो का? नव्वद दिवस झाले की मलाही बाहेर पडावं लागेल का? उत्तरं अनुक्रमे हो, नाही आणि नाही. पण नुसत्या उत्तरांनी कुणाचं समाधान होत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

सी व्हिसा तुम्हाला माहीतच आहे. आपण ज्याला नुसतं "शेंगेन" म्हणतो तो हाच. युरोप टूरवाला. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी फी ९० युरो, किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा, हॉटेलची बुकिंगं, बँकेची स्टेटमेंटं, आणि जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज. यावर आणखी लिहीत बसत नाही. घरात कुणीतरी स्वित्झर्लंडला जाऊन आलेलं असतंच.

डी म्हणजे नॅशनल व्हिसा. एखाद्या देशात ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर तो देश स्वतःच्या कायद्याने देतो तो. म्हणून प्रत्येक देशाचं प्रकरण निराळं. जर्मनीची फी ७५ युरो, आणि बहुतेकांना ब्लॉक्ड अकाउंट लागतं, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येईल असं खातं. मी गेले तेव्हा दरमहा ९९२ युरोचा हिशोब होता. फ्रान्सचा दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो. नेदरलँड्ससाठी अर्ज विद्यापीठच करतं. सेमिस्टर चार ते सहा महिन्यांचं असतं, त्यामुळे सेमिस्टरला जाणाऱ्याला डी. तीन आठवड्यांच्या समर स्कूलला सी. विषय संपला.

संपायला हवा होता, पण मध्ये एजंट येतात. "आधी शेंगेनवर जा, तिकडे कन्व्हर्ट होतो," असं मला पुण्यातल्या एका सल्लागाराने टेबलावर बोट आपटून सांगितलं होतं. भारतीय पासपोर्टवर सी घेऊन जर्मनीत शिकायला उतरलात तर तिथे तो विद्यार्थी परवान्यात बदलून मिळेल या भरवशावर राहू नका. नियम असा की आपल्या देशात परत या आणि डीचा अर्ज करा. उलट डी व्हिसाचं काम तेच आहे: त्यावर जायचं, राहत्या पत्त्याची नोंद करायची आणि व्हिसा मुक्कामापेक्षा कमी मुदतीचा असेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून निवास परवान्याचं कार्ड घ्यायचं. हे वाक्य कुणी फ्रेम करून त्या टेबलावर ठेवलं तर फ्रेमचे पैसे मी देईन.

आता खरा घोळ. तो दिवसांचा आहे.

मे महिन्यात आई-बाबा तीन आठवड्यांसाठी आखेनला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता बाबांनी माझा पासपोर्ट मागितला आणि दोघांचे पासपोर्ट शेजारी शेजारी उघडून ठेवले. दोन्ही स्टिकर एकाच रंगाचे, एकाच आकाराचे, दोन्हीवर फोटो सारखाच वाईट. फरक दोन ओळींत. त्यांच्यावर प्रकार सी, माझ्यावर डी. आणि कुठे वैध या ओळीत त्यांच्याकडे "शेंगेनर श्टाटेन", म्हणजे शेंगेन देश, तर माझ्याकडे नुसतं "डॉयचलांड".

बाबांचा चेहरा पडला. "अगं, तुझा फक्त जर्मनीचा आहे. पॅरिसची तिकिटं काढलीस ती?"

हीच ती ओळ, जिच्यामुळे निम्मा ग्रुप घाबरतो. स्टिकरवर एका देशाचं नाव असतं हे खरं. पण ५ एप्रिल २०१० पासून युरोपीय नियमच असा आहे की एका शेंगेन देशाचा वैध डी व्हिसा हातात असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत फिरायला जाता येतं. निवास परवान्याच्या कार्डावर तर ते आधीपासूनच होतं. पॅरिससाठी वेगळा सी लागत नाही. पॅरिसची तिकिटं शाबूत होती.

मर्यादा आहे ती दिवसांची: कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. आणि इथेच गंमत आहे, कारण हाच आकडा सीलाही आहे. आकडा तोच, मोजायची जागा वेगळी.

आखेनच्या बाहेर, झाडीत, जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम जिथे भेटतात तिथे सीमेचा एक दगड आहे. नेदरलँड्सच्या मुख्य भूमीवरचं सगळ्यात उंच ठिकाण तिथेच, उंची ३२२ मीटर. सिंहगड चढलेल्या माणसाने तिथे डोंगर शोधू नये. आई-बाबांना मी तिथे नेलं. प्रत्येक जण करतो तेच बाबांनी केलं: दगडाला वळसा घालत "हा जर्मनी, हा हॉलंड, हा बेल्जियम" म्हणत तीन फेऱ्या मारल्या, आईने व्हिडिओ काढला.

त्या तीन फेऱ्यांत बाबांच्या हिशोबात काहीच बदललं नाही. त्यांचा मीटर मुंबईहून येऊन फ्रँकफर्टला उतरले त्या दिवशी सुरू झाला, आणि परतीच्या विमानात बसेपर्यंत रोज एक याप्रमाणे पळत राहिला, मग ते जर्मनीत असोत की बेल्जियममध्ये. त्यांच्यासाठी तो सगळा एकच प्रदेश. माझं तसं नाही. दगडाच्या जर्मन बाजूला मी सहा महिने उभी राहिले असते तरी माझे शून्य दिवस मोजले गेले असते, कारण तिथे मी डीवर राहत होते आणि ते राहणं त्या ९० मध्ये धरतच नाहीत. पलीकडे पाऊल टाकलं की माझा एक दिवस. पाच मिनिटांसाठी गेले तरी दिवस, कारण प्रवेशाचा आणि बाहेर पडण्याचा दोन्ही दिवस धरतात. अगदी काटेकोर बोलायचं तर शनिवारी दुपारी बसने पलीकडच्या फाल्स गावात चीज आणायला गेले तो दिवससुद्धा धरायचा.

एवढं ऐकून मुली वही घेऊन बसतात आणि वीकेंड रद्द करायला लागतात. नको. माझाच हिशोब सांगते. पॅरिस ४, अ‍ॅमस्टरडॅम ३, प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट मिळून ९, इटली १०, आणि फाल्सच्या चीजचे शनिवार १४. एकूण ४०. भरपूर फिरूनही निम्मे झाले नाहीत. सेमिस्टर करणाऱ्याला हे ९० सहसा पुरतात. नाव नोंदवलं आखेनला आणि बिऱ्हाड थाटलं मित्राकडे मिलानला, असं केलंत तरच अडचण. आणि हो, हे ९० सगळ्या बाकीच्या देशांचे मिळून. फ्रान्सचे नव्वद आणि इटलीचे नव्वद अशी वाटणी नसते. त्यात फिरता येतं. जर्मनीच्या डीवर अ‍ॅमस्टरडॅमला नोकरी करता येत नाही.

सीवाल्यांचा हिशोब मात्र खरोखर जपून करावा लागतो, आणि तिथे मावशी येते. मावशीला स्टुटगार्टला लेकीच्या बाळंतपणाला जायचं होतं. तिचा व्हिसा दोन वर्षांचा, मल्टिपल एंट्री, म्हणजे कितीही वेळा आत-बाहेर करता येणारा. आधीचे दोन नीट वापरलेल्या भारतीयांना तो एप्रिल २०२४ पासून मिळू लागला आहे. तिने धरून चाललं की दोन वर्षांचा आहे म्हणजे सहा महिने राहू. दोन वर्षं ही दार उघडं असण्याची मुदत. आत राहायचे दिवस वेगळ्या रकान्यात लिहिलेले असतात, आणि तिथे ९० होतं.

मग जावयाने तोडगा काढला: नव्वद झाले की दोन दिवस लंडनला जाऊ, परत आलो की मीटर शून्यावर. हा समज मला मिळाला असता तर मी बाटलीत भरून समुद्रात टाकला असता. मीटर शून्यावर येत नाही. ज्या दिवशी तुम्ही आत आहात त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात आत काढलेले किती ते बघायचं. खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते. जानेवारी-जून, जुलै-डिसेंबर असे सरकारी अर्धवर्षाचे कप्पेही नसतात. समजा मावशी १० एप्रिलला उतरली. ८ जुलैला तिचे बरोबर ९० भरतात, त्या रात्री ती शेंगेनबाहेर हवी. परत कधी? १० एप्रिल खिडकीबाहेर पडेल तेव्हा, म्हणजे ७ ऑक्टोबरला. त्यानंतर रोज एक जुना दिवस गळत जातो आणि रोज एक नवा मिळत जातो, म्हणून तेव्हा परत सलग ९० राहता येतात. आधी हे शिक्क्यांवर बोट ठेवून मोजायचे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सीमांवर बोटांचे ठसे घेऊन नोंद ठेवणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे आता हिशोब मशीन करतं आणि मशीनला बाळंतपण कळत नाही. डीवाले आणि निवास परवानावाले त्या यंत्रणेत येत नाहीत.

डीचा एकच खरा खड्डा आहे तो शेवटच्या दिवशी. त्यात माझाच एक वर्गमित्र पडला. व्हिसा ३१ ऑगस्टपर्यंत. पठ्ठ्याने मिलानहून मुंबईचं स्वस्त तिकीट काढलं ३ सप्टेंबरचं. का, तर त्याने एका अमेरिकन मुलीचा ब्लॉग वाचला होता, ती सेमिस्टरनंतर दीड महिना इटलीत फिरली होती. फिरली असेल. अमेरिकन पासपोर्टला थोड्या दिवसांसाठी व्हिसाच लागत नाही, त्यामुळे तिचा विद्यार्थी व्हिसा संपला तरी तिच्या हातात पासपोर्ट नावाचं दुसरं दार असतं. आपल्याकडे ते नसतं. आपला डी संपला की दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काहीच नसतं, बाकीचे पन्नास दिवस शिल्लक असले तरी ते त्या डीसोबतच गेले. तिकीट बदलायला त्याला पहिल्या तिकिटापेक्षा जास्त पैसे मोजावे लागले. अमेरिकन मुलांचे ब्लॉग जेलातोची दुकानं शोधायला वाचा, व्हिसासाठी नको.

बाकीच्या गल्लती किरकोळ आहेत. शेंगेन म्हणजे युरोपीय संघ नव्हे: स्वित्झर्लंड आणि नॉर्वे शेंगेनमध्ये आहेत, संघात नाहीत, आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, शेंगेनमध्ये नाहीत, ब्रिटन कशातच नाही. क्रोएशिया २०२३ मध्ये आला, रोमानिया-बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्ण आले, म्हणून सीनियरने दिलेली जुनी यादी फेकून द्या. रेल्वे पास घेताना युरेल नको, इंटररेल घ्या. पहिला युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी असतो, आणि डीवर तुम्ही युरोपात राहता. मात्र राहत्या देशात त्यावर जाताना एक आणि येताना एक असाच प्रवास मिळतो, तेवढं बघून दिवस ठरवा.

आणि पासपोर्ट जवळ ठेवा. शेंगेनमध्ये आतल्या सीमेवर कुणी विचारत नाही हे अर्धसत्य आहे. जर्मनी सप्टेंबर २०२४ पासून सगळ्याच जमिनी सीमांवर तपासणी करतेय. प्रागहून ड्रेस्डेनला येताना सीमा ओलांडल्यावर बस बाजूला घेतली आणि दोन पोलीस आत चढले. माझा डी बघून त्यातल्या एकाने नुसतं "आखेन?" विचारलं, मी मान डोलावली, तो पुढे गेला. मागच्या सीटवरच्या मुलाचं कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही खोलीवर होते, मोबाइलमध्ये फोटो होते. त्याला खाली उतरवलं. आम्ही चाळीस मिनिटं काचेतून बघत बसलो. त्याची बॅग आमच्याबरोबर ड्रेस्डेनला आली, तो आला नाही.