जुन्या दुनळीच्या नळीत किती धातू उरला आहे?

शंभर-सव्वाशे वर्षांची दुनळी बंदूक हाती आली की माणूस आधी नळीवरचं कारागिराचं नाव वाचतो. मग अक्रोडाच्या दस्त्यावरच्या रेषा पाहतो, बाजूचं कोरीवकाम न्याहाळतो. ही कारागिरी जपण्यासारखीच आहे. पण ही बंदूक आज चालवावी का, याचं उत्तर तिथे मिळत नाही. त्यासाठी नळ्या उतरवून उलट्या धराव्या लागतात.

नळीचा मागचा, काडतूस बसतं तो भाग म्हणजे चेंबर. त्याखालच्या सपाट भागावर मुकुट, अक्षरं आणि आकडे असे बारीक ठसे असतात. युरोपात बहुतेक बंदुका विकण्याआधी प्रूफ हाउसमध्ये जात. तिथे नेहमीपेक्षा जड बार उडवून पाहायचा आणि नळी टिकली तरच ठसा मारायचा. लंडनच्या बंदूककारांच्या कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली, तर बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ चं. ब्रिटनमध्ये ठशांचे नियम वेळोवेळी बदलत गेले, त्यामुळे ठशांवरून बंदुकीचा काळही ठरवता येतो. मुकुटाखाली ‘एनपी’ (नायट्रो प्रूफ) असेल तर ती नळी धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे. काही जुन्या नळ्यांवर फक्त जुन्या, धूर करणाऱ्या काळ्या दारूचीच चाचणी झालेली असते.

या ठशांमधला सर्वांत बोलका आकडा नळीच्या आतल्या व्यासाचा. समजा ठसा ०.७२९ इंच सांगतो (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा क्रमांक; बारा बोअरचं हे मूळ माप, साधारण साडेअठरा मिलिमीटर) आणि आज मोजल्यावर ०.७४५ भरतं. मधल्या काळात कुणीतरी आतला गंज घासून नळी चकचकीत केली. प्रत्येक बाजूनं आठ सहस्रांश इंच धातू गेला. मूळ भिंत पुढच्या पातळ भागात २८ सहस्रांश असेल, तर आता २० उरली. नळीच्या भिंतीवरचा ताण म्हणजे ढोबळमानानं दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. म्हणजे तेच काडतूस आता भिंतीवर सुमारे ४० टक्के जास्त ताण आणतं. या भागात २० सहस्रांश ही बंदूककार सहसा किमान मर्यादा मानतात; चेंबरजवळ भिंत याच्या कितीतरी पट जाड असावी लागते. आरशासारखी चमकणारी जुनी नळी पाहून मला तर आधी काळजीच वाटते.

डमास्कस नळ्यांबद्दलचा सरसकट धसका मला पटत नाही. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकत जोडलेल्या या नळ्यांची नक्षी पृष्ठभागावर रंगवलेली नसते; ती धातूच्या थरांचीच असते, रासायनिक प्रक्रियेनं उठून दिसते एवढंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅममध्ये झालेल्या तुलनात्मक चाचण्यांत अशा जोडकामाच्या काही उत्तम नळ्यांनी तेव्हाच्या अनेक पोलादी नळ्यांना मागे टाकलं होतं. खरा धोका जोडात अडकलेल्या धातूच्या मळीचा आणि थरांमध्ये आत शिरलेल्या गंजाचा. तो डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून प्रत्येक नळी स्वतंत्रपणे तपासून घ्यावी लागते, आणि तेही अशा बंदुकांची खरी माहिती असलेल्या बंदूककाराकडून.

काडतुसाची निवड हा दुसरा नाजूक मुद्दा. जुन्या ब्रिटिश बारा बोअरचं चेंबर बहुधा अडीच इंची असतं, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी. आजचं सर्वसाधारण काडतूस ७० मिलिमीटरचं. तरीही ते आत सहज बसतं, कारण ही लांबी तोंड उलगडल्यानंतरची असते आणि न उडवलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं. बार उडताच ते उलगडतं, चेंबर संपून नळी निमुळती होते तिथे घुसतं, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. बसलं म्हणजे चालतं, हा समज इथे महागात पडतो.

खांद्याला बसणाऱ्या धक्क्यावरूनही दाबाचा अंदाज येत नाही. धक्का ठरतो तो छर्ऱ्यांचं वजन आणि वेग यांवर. दाबाचा कळस येतो चेंबरच्या आसपास, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत. दारू किती भरभर जळते यावर तो बराच अवलंबून असतो. त्यामुळे मऊ वाटणारं काडतूसही जास्त दाबाचं असू शकतं. काडतुसाच्या लांबीबरोबर त्याच्या दाबाचा आकडाही पाहून घ्यावा. पोलादी छर्रे जुन्या, पातळ आणि तोंडाशी आवळलेल्या नळ्यांसाठी नाहीतच. शिसं नको असेल तर बिस्मथचे मऊ छर्रे आहेत. आणि बारा बोअरची काडतुसं ठेवलेल्या खिशात त्याहून बारीक असलेलं वीस बोअरचं काडतूस कधीही ठेवू नये: ते चेंबरमधून घसरून पुढे अडकतं, मागे दुसरं सहज बसतं, आणि नळी फुटते.

जतन करताना सगळ्यांत मोठं नुकसान उत्साहानं होतं. दुनळीच्या नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी मऊ डाखानं जोडलेली असते. आधुनिक बंदुकांना निळा रंग चढवायला वापरतात तो दाहक क्षारांचा गरम हौद हा डाख खातो. म्हणून दुनळीला पूर्वीसारखा सावकाश, गंज चढवून आणि घासून आणलेला रंगच हवा. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते. नळी आधी गरम पाण्यानं धुवावी, पूर्ण कोरडी करावी आणि मगच तेलाचा पातळ हात द्यावा. तेल जास्त झालं तर ते यंत्रणेतून दस्त्याच्या लाकडात झिरपतं. लाकूड काळं आणि मऊ पडतं आणि नेमकं धक्का झेलणाऱ्या जागी चिरतं. त्यामुळे साफसफाईनंतर बंदूक काही काळ तोंड खाली करून ठेवावी.