बेन नेव्हिस : चढाईच्या वाटा

स्कॉटलंडच्या हायलँड्स भागातला बेन नेव्हिस (१,३४५ मी.) हा ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर. पायथ्याचे फोर्ट विल्यम गाव समुद्राच्या खाडीवर असल्याने ही उंची जवळपास पूर्णच चढावी लागते. नोंद असलेली पहिली चढाई १७७१ सालची, जेम्स रॉबर्टसन या वनस्पतिशास्त्रज्ञाची.

सर्वाधिक वर्दळ ‘माउंटन ट्रॅक’वर असते. १८८३ साली माथ्यावर हवामान वेधशाळा सुरू झाली. तिचे सामान घोड्यांवरून नेण्यासाठी ही वाट बांधली. ग्लेन नेव्हिस खोऱ्यातून निघून ती मेल अन टी तळ्याजवळच्या खांद्यावर येते, रेड बर्न ओढा ओलांडते आणि मग उघड्या दगडधोंड्यांतून नागमोडी वळणे घेत माथा गाठते. जाऊन-येऊन सुमारे १६ कि.मी., सात ते नऊ तास. वाटेत हात टेकावा लागत नाही, म्हणून तिला ‘सोपी’ म्हणतात. हे विशेषण खालच्या टप्प्यापुरतेच खरे.

खरी परीक्षा माथ्यावर, तीही उतरताना. माथा म्हणजे सपाट, दगडांनी भरलेले पठार आणि त्यावर बहुतेक दिवस ढग. उत्तरेकडे गार्डीलू घळ थेट पठाराच्या आत घुसलेली आहे (वेधशाळेतले लोक कचरा हिच्यातच लोटत). दुसऱ्या बाजूला फाइव्ह फिंगर घळ. धुक्यात उतरण्याचे गणित ठरलेले आहे : माथ्यावरच्या त्रिकोणमितीच्या (जमीन-मोजणीसाठी उभारलेल्या) खांबापासून नकाशावरील २३१ अंशांच्या दिशेने १५० मीटर, नंतर २८२ अंश. पावले मोजत चालायचे. दगड रचून केलेल्या खुणांच्या राशी आहेत, पण बर्फात त्या बुजू शकतात. होकायंत्र वापरता येत नसेल तर हवा बिघडताच मागे फिरावे. फोनच्या भरवशावर पुढे जाणे शहाणपणाचे नाही.

अनुभवी डोंगरभटके कार्न मोर जेरग (१,२२० मी.) या शेजारच्या शिखरावरून येतात. तिथून धनुष्यासारखी वळलेली दगडी धार बेन नेव्हिसला जोडलेली आहे. तिच्यावर हातापायांनी चढावे लागते, दोन्ही बाजूंना खोली असते आणि धार संपल्यावरही घसाऱ्याचा उभा चढ उरतोच. दिवसभर लागतो. मात्र सुमारे ७०० मीटरचा उत्तर कडा समोरून दिसतो तो याच वाटेवर. माउंटन ट्रॅकने गेलेल्याला त्याची कल्पनाही येत नाही.

त्या कड्यावरच्या वाटा प्रस्तरारोहकांच्या. लेज रूट त्यातली सौम्य. टॉवर रिज ही लांबलचक सोंड हॉपकिन्सन बंधूंनी १८९२ मध्ये प्रथम उतरून पार केली. तिथे दोर लागतोच. कड्याच्या पायथ्याशी, सुमारे ६८० मीटरवर, सी.आय.सी. ही गिर्यारोहकांची झोपडी आहे. हिवाळ्यात माउंटन ट्रॅकलाही बर्फकुऱ्हाड आणि बुटांना लावायचे काटे लागतात, आणि वरच्या भागात बर्फ पुष्कळदा मे महिन्यापर्यंत टिकतो.