कोसंबींचा तराजू

फोंड्याला राहणारी माझी भाची अकरावीत आहे. वक्तृत्व स्पर्धेसाठी ती दामोदर धर्मानंद कोसंबींवर भाषण तयार करत होती. पहिलंच वाक्य होतं, ‘कोसंबींना अलौकिक प्रतिभेची जन्मजात देणगी होती.’ मला ते वाक्य टोचलं. ३१ जुलै १९०७ रोजी आपल्या गोव्यात, कोसबे गावी जन्मलेला हा माणूस हार्वर्डमध्ये शिकला आणि गणित, आनुवंशिकी, नाणकशास्त्र, इतिहास या सगळ्यांत ठसा उमटवून गेला, हे खरंच. पण ‘देणगी’ म्हटलं की त्यामागची मेहनत झाकली जाते. कोसंबींनी हजारो नाणी एकेक करून तोलली होती. ती का तोलली, हे मला तिला सांगायचं होतं.

पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत असताना त्यांना संख्याशास्त्र शिकून घ्यायचं होतं. नुसती पुस्तकं वाचून ते येत नाही, हाताशी खरी आकडेवारी लागते. म्हणून त्यांनी आहत नाणी, म्हणजे ठसे मारून घडवलेली प्राचीन नाणी, घेतली. चांदीचे हे वेडेवाकडे तुकडे जेमतेम साडेतीन ग्रॅमचे. त्यांवर ना राजाचं नाव, ना साल, नुसते ठसे. मग कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे ठरवायचं कसं?

कोसंबींचं उत्तर होतं, वजनावरून. नाणं हातातून हातात जातं, थैलीत दुसऱ्या नाण्यांवर घासतं आणि दर वेळी चांदीचा अगदी सूक्ष्म कण गमावतं. पण एकट्या नाण्याचं वजन काहीच सांगत नाही. एखादं वर्षानुवर्षं मडक्यात पुरून राहिलेलं असतं, तर एखादं रोज बाजारात फिरलेलं. टांकसाळीतून निघतानाही सगळी तंतोतंत सारखी नव्हती. अशा वेळी समूहाकडे बघायचं. प्रत्येक घासणीतली झीज थोडी कमीजास्त असते, पण खूप घासण्यांची बेरीज झाली की सरासरी झीज घासण्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते. नाण्यानाण्यांतला फरकही वाढतो, पण वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे घासण्या चौपट झाल्या तर सरासरी झीज चौपट आणि फरक दुप्पट. त्यामुळे नाण्यांचा गट जितका अधिक काळ वापरात राहिलेला, तितका तो सरासरीने हलका आणि वजनांनी जास्त विखुरलेला.

नाणी हजारोंनी का लागतात, तेही यातच आहे. सरासरी काढताना होणारी चूक नाण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते. चूक निम्मी करायची तर चौपट नाणी तोलायची, एकदशांश करायची तर शंभरपट. इथे चिकाटी हा स्वभावाचा गुण म्हणून ऐच्छिक राहत नाही, ती गणिताचीच अट होते.

तक्षशिलेच्या नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक खुणा असतात, नाणं पारखणाऱ्यांनी वेळोवेळी मारलेल्या. कोसंबींनी खुणांच्या संख्येनुसार गट पाडले, तेव्हा खुणा जितक्या जास्त तितकं सरासरी वजन कमी, आणि तेही जवळजवळ सरळ रेषेत, असं दिसलं. म्हणजे नाणी ठरावीक काळाने तपासली जात असणार. आपलं गणित बरोबर आहे ना, हे पडताळायला त्यांनी आपल्या काळातली चलनातली नाणीही तोलली. हा भाग मला सगळ्यात आवडतो.

आजकाल मोबाइलवर जाहिराती फिरतात, वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाचाचं नाणं द्या आणि लाखो रुपये घ्या. ते नाणं घरात असलं की भरभराट होते, असंही काहीजण सांगतात. नाण्याच्या अंगी दैव नसतं. ते किती हातांतून गेलं, एवढं मात्र त्याच्या झिजेतून थोडंफार कळतं, आणि तेच माझ्या लेखी अद्भुत आहे.

कोसंबींचं सगळंच जमलं असंही नाही. अविभाज्य संख्यांशी निगडित असलेल्या, गणितातल्या प्रसिद्ध न सुटलेल्या कोड्याची, म्हणजे रीमानच्या गृहीतकाची, सिद्धता दिल्याचा त्यांचा दावा टिकला नाही, त्यावरून टीकाही झाली. तरी नाण्यांचा नाद सुटला नाही. ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांचा नाण्यांवरचा लेख फेब्रुवारी १९६६ मध्ये आला आणि त्याच वर्षी २९ जूनला ते गेले.

भाचीने पहिलं वाक्य स्वतःच खोडलं. मग वडिलांच्या पसऱ्यातल्या, म्हणजे दुकानातल्या, गल्ल्यातून पाचाची जुनी जाड नाणी निवडली आणि माझ्या सोनार मित्राच्या काट्यावर आम्ही ती एकेक ठेवली. नवीन असताना त्यांचं वजन नऊ ग्रॅम. एका नाण्याच्या कडेवरच्या रेघा पार बुजलेल्या होत्या, ते ठेवलं तेव्हा आकडा नऊच्या खाली थांबला. तिने वहीत दोन रकाने आखले, कडा शाबूत आणि कडा झिजलेली. मंगळवारपर्यंत शंभर नाणी झाली. “मामा, अजून तीनशे हवीत,” ती म्हणाली, “तेव्हा कुठे चूक निम्मी होईल.”