तेलटंचाईतला अभ्यासक्रम, पाणीटंचाईतला मराठवाडा

सिव्हिलची बी.ई. किंवा पाच वर्षांची बी.आर्क. संपवून पुढे ‘सस्टेनेबल बिल्डिंग’मध्ये, म्हणजे कमी ऊर्जा-पाण्यात भागणाऱ्या शाश्वत बांधकामात, मास्टर्स करायचं म्हणणारी मुलं आता लातूर, नांदेड, बीडमधूनही निघतात. घरच्यांचे प्रश्न ठरलेले: यात नेमकं शिकवतात काय, आणि सरकारी भरतीला ते चालतं का? दुसऱ्याचं उत्तर त्या त्या जाहिरातीत पाहावं. पहिल्याचं उत्तर द्यायला मात्र थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात लंडनमध्ये झाली, पण उष्ण मुलखाच्या तक्रारीवरून. १९५३ साली तिथे उष्ण प्रदेशांतल्या वास्तुरचनेवर एक परिषद भरली. तिच्यामागे ब्रिटनमध्ये शिकणारा एक नायजेरियन विद्यार्थी होता. तुम्ही शिकवता ते आमच्या देशात कामाला येत नाही, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी आर्किटेक्चरल असोसिएशनच्या शाळेत उष्ण प्रदेशांसाठी वेगळा विभाग निघाला आणि १९५७ पासून तो ओटो कोनिग्सबर्गर यांनी चालवला. हिटलरच्या काळात जर्मनी सोडलेले हे गृहस्थ १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानाचे मुख्य वास्तुविशारद झाले. भुवनेश्वरचा आराखडाही त्यांचाच. स्वातंत्र्यानंतर काही वर्षं केंद्राच्या गृहनिर्माणाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. ऊन कोणत्या बाजूने येतं, वारा कुठून, भिंतीच्या आत उष्णता पोहोचायला किती तास लागतात, हे सगळं मोजून मग नकाशा काढायचा, ही शिस्त पदव्युत्तर वर्गात आली ती या मंडळींमुळे. तिच्यातला बराचसा अनुभव भारतातून तिकडे गेलेला होता, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

मग १९७३ चं तेलसंकट आलं आणि विषयाचा रोखच बदलला. युरोप-अमेरिकेत घर उबदार ठेवायला जाळलं जाणारं तेल महाग झालं. भिंतीतून किती उष्णता निसटते, काचेला किती पदर हवेत, असे प्रश्न अभ्यासक्रमाच्या मध्यावर आले. १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालाने ‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग जगभर नेला. १९९० मध्ये ब्रिटनने इमारतींना गुण देणारी ‘ब्रीम’ पद्धत काढली आणि त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेची ‘लीड’ आली. इमारतीचं मूल्यमापन गुणपत्रिकेवर आलं ते तेव्हापासून.

भारतात हे सगळं जरा घाईनेच उतरलं. २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला. हैदराबादच्या सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला ‘लीड’ची प्लॅटिनम श्रेणी मिळाली आणि २००४ मध्ये राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, म्हणजे ईसीबीसी आली. टेरी या ऊर्जा-संशोधन संस्थेने तयार केलेल्या ‘गृह’ या हरित इमारतींच्या मानांकनालाही त्याच वर्षी सरकारी मान्यता मिळाली. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत शाश्वततेचा स्वतंत्र भाग आहे. कायदा आणि मानांकन आल्यावर ते समजणारी माणसं हवी झाली. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमधला बिल्डिंग इंजिनिअरिंग अँड मॅनेजमेंट विभाग, विजयवाड्याचा सस्टेनेबल आर्किटेक्चरचा एम.आर्क., अहमदाबादच्या सेप्टमधला इमारतींच्या ऊर्जेवरचा एम.टेक., पुण्यातला पर्यावरणीय वास्तुरचनेचा एम.आर्क. ही ठिकाणं आपल्या मुलांच्या यादीत असतात ती या मागणीमुळे.

याला समांतर एक देशी धारा होती. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये अमूल्य रेड्डींच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हे केंद्र सुरू झालं आणि तिथे मातीत थोडं सिमेंट मिसळून दाबलेल्या विटांवर वर्षानुवर्षं काम झालं. केरळात लॉरी बेकर कमी सिमेंटची, कमी पोलादाची घरं बांधत होते. या धारेला गुणपत्रिका नव्हती, म्हणून वर्गात ती बहुधा एखाद्या व्याख्यानापुरतीच येते. माझ्या मते मराठवाड्याला उपयोगाचं तिच्यातच जास्त आहे.

कारण मराठवाड्यात या विषयाची खरी तारीख १९७३ नव्हे, ३० सप्टेंबर १९९३ आहे. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. भूकंप ६.२ तीव्रतेचा, जगाच्या हिशेबात मध्यम. तरी बळींचा अधिकृत आकडा आठ हजारांच्या घरात गेला. तेव्हाच्या मानकानुसार हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या भूकंपक्षेत्रात मोडत होता. २००२ च्या सुधारणेत ते पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि किल्लारी तिसऱ्यात गेली.

माणसं मेली ती घरांखाली. अनगड दगड मातीत रचून उभारलेल्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर माळवद. सागाचे खांब, तुळया, त्यावर लाकडं आणि पाला, आणि वर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला नवी माती टाकायची आणि चोपायची. जुनी काढायची पद्धत नव्हती. दोन-तीन पिढ्यांत थर फूट-दोन फुटांवर जायचा. एक फूट मातीचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरतं. साडेचार इंची सिमेंटच्या स्लॅबचं तीनशेही भरत नाही. त्यात भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड स्वतंत्र रचलेले, दोन्ही थर एकत्र बांधणारे लांब दगड अनेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. हादरा बसताच भिंती मधून फुगल्या, फाटल्या आणि माळवद खाली आलं.

पण हेच माळवद मे महिन्यात झोपू द्यायचं. नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबमधून उष्णता आत येण्याचं माप, ज्याला यू-व्हॅल्यू म्हणतात, तीनच्या वर असतं. फूट-दीड फूट माती ते निम्म्यावर किंवा त्याखाली आणते. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये आलेली ‘इको-निवास संहिता’ छताला १.२ ची मर्यादा घालते. म्हणजे आजोबांचं माळवद या अटीच्या आसपास होतं आणि त्या जागी आलेला उघडा स्लॅब तिच्या जवळपासही फिरकत नाही.

पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी हलवली. जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं दिली गेली. लोकांनी दगड नको म्हणून सांगितलं, आणि ज्यांनी दगडाखालून माणसं उपसली त्यांना दोष कोण देणार? भिंतीचे दोन्ही थर बांधणारा लांब ‘हेडर’ दगड घातला, दारा-खिडक्यांच्या वर, लिंटलच्या पातळीवर पट्टा फिरवला, वरची माती कमी केली, तर दगडी घरही तगतं, हे तज्ज्ञ सांगत होते. मातीच्या आणि कच्च्या दगडी घरांसाठी भारतीय मानकंही त्याच वर्षी आली होती. कानावर गेलं, मनात उतरलं नाही. पुढच्या तीस वर्षांत भूकंप न झालेल्या तालुक्यांतही माळवदं उतरवून स्लॅब पडले. माळवदावर घालायची ती पांढरी माती तर गावोगावच्या गढ्यांतून लोक शेतात टाकायला नेतच होते.

या मुलखात शिकण्याजोगं याआधीही बरंच होतं. औरंगाबादच्या पाणचक्कीत दूरच्या झऱ्याचं पाणी खापराच्या नळांतून, केवळ उताराच्या जोरावर आणलेलं आहे. हौदाखालच्या दालनात आजही उन्हाळ्यात गारवा असतो. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले सापडले. पुरातत्त्व खात्याचे एक रसायनतज्ज्ञ आणि इथल्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले एक वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी २०१६ मध्ये ते प्रसिद्ध केलं. युरोपात भांगेच्या काडीपासून भिंतीचं साहित्य करतात आणि त्याला नवं म्हणतात.

शिक्षणाच्या सोयी मात्र उशिरा आल्या. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, औरंगाबादचं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं. नांदेड, लातूरला अभियांत्रिकी पोहोचायला ऐंशीचं दशक उजाडलं. आयआयएम नागपूरला गेली तेव्हा औरंगाबादला स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर देण्याची घोषणा झाली होती. केंद्राच्या अशा संस्था दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा एवढ्याच राहिल्या. त्यामुळे इथल्या मुलांचा या विषयाशी संबंध बाहेरगावी जाऊनच येतो आणि तिथली उदाहरणं ऊर्जेची असतात. ईसीबीसीचंच घ्या. विजेचा जोडभार १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त असलेल्या व्यापारी इमारतींनाच ती लागू. मराठवाड्यातली बहुतेक बांधकामं तिच्या कक्षेतच येत नाहीत. ऊर्जा संवर्धन कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने ती मर्यादा खाली आणण्याची मुभा राज्यांना दिली, एवढंच.

आता पाण्याकडे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. त्याच्या आदल्याच वर्षी परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. १९९९ च्या अधिसूचनेनंतर औष्णिक केंद्रांच्या परिसरात विटांत राख वापरणं बंधनकारक झालं. परळीची राख विटांत आणि सिमेंटमध्ये जाते, मानांकनात तिचे गुण मिळतात, आणि कार्बनच्या हिशेबात ते रास्तही आहे. पण स्लॅब पडल्यावर काय होतं ते पाहा. गवंडी सकाळी कडेने मसाल्याची आळी बांधतो, टँकरचं पाणी सोडतो, खांबांना पोती गुंडाळून ती ओली ठेवतो. आयएस ४५६ या मानकानुसार उष्ण-कोरड्या हवेत साध्या सिमेंटला किमान दहा दिवस पाणी मारावं आणि राखमिश्रित सिमेंटला चौदा. म्हणजे जे सिमेंट ‘हिरवं’ ते चार दिवस जास्त पाणी मागतं, तेही अशा गावात जिथे घागर विकत घ्यावी लागते. या चार दिवसांचं काय करायचं, काँक्रीटमधला ओलावा उडू न देणारं क्युरिंग कंपाउंड फवारायचं, बांधकामाचा हंगाम बदलायचा, की काँक्रीटच कमी करायचं, यावर मराठवाड्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहिला तर तो दिल्लीच्या काचेच्या इमारतीवरच्या दहाव्या प्रबंधापेक्षा मोलाचा ठरेल.

नोकरीच्या बाजूने हालचाल झाली ती २०२० मध्ये. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित मानांकनाला श्रेणीनुसार ३, ५ आणि ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकामाची परवानगी, मिळू लागला. ज्या बिल्डरला कालपर्यंत हे थोतांड वाटत होतं तो सल्लागार शोधू लागला, आणि छत्रपती संभाजीनगरात, ऑरिक-शेंद्रा या औद्योगिक भागात अशा माणसांना काम आहे.

‘बिल्डिंग इंजिनिअरिंग अँड मॅनेजमेंट’सारख्या पदवीच्या नावातलं ‘व्यवस्थापन’ मात्र अजून मागच्या बाकावर आहे. ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षकांची राष्ट्रीय परीक्षा दोन दशकं चालू आहे, पण वाळूजचे मोठे कारखाने सोडले तर तशी माणसं नेमतं कोण? सोसायटीत पुनर्भरणाचा खड्डा भोगवटा प्रमाणपत्रापुरता खणला जातो आणि दुसऱ्या पावसाळ्यात तो गाळाने भरतो. सांडपाणी शुद्धीकरणाचा पंप वीजबिल वाचवायला बंद असतो. इमारत वापरात आल्यावर वर्षभराने पुन्हा जाऊन पाणी-विजेचे मीटर वाचायचे, राहणाऱ्यांना विचारायचं आणि नकाशातल्या दाव्यांशी ताडून पाहायचं, हा भाग आता बऱ्याच ठिकाणी अभ्यासक्रमात आला आहे. त्यासाठी मीटर लागतो, आणि आपल्याकडच्या कित्येक इमारतींत बोअर आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत, न मोजता पडतं.