स्पॉरन साखळी

स्कॉटलंडच्या हायलँड पोशाखात किल्टवर (गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार घागऱ्यासारख्या वस्त्रावर) पुढच्या बाजूला लोंबणारी पिशवी, म्हणजे स्पॉरन, कमरेभोवती अडकवण्याची धातूची साखळी. गेलिक भाषेत ‘स्पोरन’ म्हणजे पैशाची पिशवी. किल्टला खिसे नसतात, म्हणून ती लागतेच. रोजच्या वापरातली स्पॉरन चामड्याची. समारंभातली परंपरेने सीलच्या कातड्याची, तर बॅगपाइप वाजवणाऱ्यांची घोड्याच्या लांब केसांची असते.

पारंपरिक किल्टला सुमारे ८ यार्ड (७.३ मीटर) लोकरी ट्विल (तिरप्या विणीचे) कापड लागते. पुढचा पदर सपाट आणि मागे हाताने शिवलेल्या दाट चुण्या असतात. असा किल्ट नीट जपला तर मुलानातवंडांपर्यंत टिकतो. म्हणूनच त्याला साखळीने लागणारी झीज क्षुल्लक मानू नये. चालताना पिशवी झुलते आणि साखळी दर पावलाला नितंबांवरून किंचित पुढेमागे सरकते. कडीच्या सांध्यावर धातूचे टोक राहिले असेल, तर ते कानशीसारखे काम करते. आधी लव उडते, कापड गुळगुळीत दिसू लागते, मग धागे तुटतात. चुणीची कड दुमडलेली आणि उंच असल्याने पहिला मार तिच्यावर बसतो.

हाताने साखळी घडवताना तार पोलादी सळईवर घट्ट गुंडाळून वेटोळे करतात आणि बारीक करवतीने ते उभे कापतात. प्रत्येक वळ्याची दोन तोंडे दोन पकडींनी बाजूला पिळून उघडतात व तशीच जुळवतात. ओढून फाकवलेल्या वळ्याचा गोल आकार बिघडतो. तोंडे नुसती जुळवणे पुरेसे नाही. त्यांना डाख देऊन, कानस मारून सांधा बोटाला जाणवेनासा करावा लागतो. याच टप्प्यावर कारागिराची पारख होते, कारण साखळी दिसायला सुंदर असते ती बाहेरून, आणि लोकरीला लागते ती आतून. कड्या पिळून सपाट केलेली साखळी कापडावर पसरून टेकते, म्हणून तिचा दाब एका जागी येत नाही. पितळेचा काळा-हिरवा डाग फिक्या टार्टनवर, म्हणजे किल्टच्या रंगीत चौकटींच्या कापडावर, उतरू शकतो. स्टेनलेस स्टीलला ती अडचण नाही. मुलामा दिलेल्या साखळीचा थर उडाला की खालचा खडबडीत धातू उघडा पडतो.

तयार साखळी लोकरीच्या चिंधीवरून ओढून पाहावी. कुठे अडकली तर ती कडी पुन्हा घासावी. बहुतेक स्पॉरनना मागच्या भागासाठी चामडी पट्टा असतो आणि साखळी फक्त बाजूंना राहते. हा पट्टा किल्टच्या मागे पट्ट्यासाठी शिवलेल्या फासांतून ओवला की घसरत नाही. साखळी फार घट्टही बांधू नये, फार सैलही नाही. नाचताना पिशवी कमरेच्या बाजूला सरकवण्याची जुनी रीत आहे. किल्टच्या कमरपट्ट्यावरून पिशवी लटकवणारे चामडी अडकवणेही मिळते. ते वापरल्यास कमरेभोवती साखळी लागतच नाही.

विरलेली जागा रफू करता येते, मात्र टार्टनची रेघ जुळायला हवी. जुळता धागा त्याच किल्टच्या आत दुमडलेल्या, न दिसणाऱ्या कापडातून काढता येतो.